संशोधन मान्यता समितीस खुले पत्र : ‘साधने उपलब्ध नाहीत’ हा शेरा मागे घ्यावा

प्रति,
अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
संशोधन मान्यता समिती, इतिहास व सामाजिक शास्त्रे

विषय : परदेशातील प्रदेशावरचा संशोधन-आराखडा साधनांअभावी परत पाठवल्याबाबत

महोदय, महोदया,

आपल्या गेल्या बैठकीत एका विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा आराखडा आला होता. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये असलेल्या आणि आज पश्चिम युक्रेनमध्ये मोडणाऱ्या वोविन प्रांतातून १९४० साली सोव्हिएत राजवटीने हजारो कुटुंबे उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली. त्यांतली काही पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. या कुटुंबांची मूळ गावे कशी होती, तिथली जमीन त्यांच्याकडे कशी आली, युक्रेनी शेजाऱ्यांशी त्यांचे संबंध कसे होते आणि नेमकी हीच कुटुंबे हद्दपारीसाठी का निवडली गेली, याचा अभ्यास तिला करायचा होता. आपण आराखडा परत पाठवलात. त्यावरचा शेरा असा : ‘साधने उपलब्ध नाहीत. विषय स्थानिक पातळीपुरता मर्यादित करावा.’

आपल्या संस्थेचे नाव मी या पत्रात लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका संस्थेचा नाही आणि मला कोणाची नाचक्कीही करायची नाही. शेऱ्यामागची कारणे लेखी मिळावीत असा अर्ज विद्यार्थिनीने केला होता. उत्तर तोंडी मिळाले. तोंडी उत्तराचा प्रतिवाद कागदावर करता येत नाही, म्हणून तो सर्वांसमोर करते आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे. मी कोल्हापुरात इतिहास शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षे घालवली. निवृत्तीनंतरही शिरोळ, कागल, गडहिंग्लजकडची मुले-मुली घरी येतात, आणि त्यांच्यातल्या ज्यांना परदेशाच्या इतिहासाची ओढ आहे त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : बाई, सुरुवात कुठून करायची? कोणत्या संस्थेला लिहायचे, कोणत्या दप्तरखान्यात काय आहे, ते कोण सांगेल? हे सांगणारी व्यक्ती त्यांच्या महाविद्यालयात असायला हवी. ती नसते, म्हणून ते माझ्याकडे येतात. स्थानिक इतिहासाला मी कमी लेखत नाही. जहागिरी, वतने, सहकारी चळवळ हे विषय मी स्वतः शिकवले आहेत आणि त्यांवर आजही पुष्कळ काम बाकी आहे. पण आमच्या भागातला विद्यार्थी ‘अमुक तालुक्यातील तमुक : एक ऐतिहासिक अभ्यास’ हा विषय आवडीने निवडतो, की दुसरे काही निवडले तर आर.आर.सी.त, म्हणजे आपल्यासारख्या संशोधन मान्यता समितीत, टिकणार नाही या धास्तीने, हे आपण सगळे जाणतो.

आता शेऱ्याकडे येते. ‘साधने उपलब्ध नाहीत’ हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि ते तसे नाही हे दाखवण्यासाठी मला थोडे तपशिलात जावे लागेल. वाचकांपैकी कोणाला असल्याच विषयावर काम करायचे असेल तर त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

एखाद्या परक्या प्रदेशाचे कागद शोधायचे असतील तर पहिल्यांदा हे पाहावे लागते की त्या त्या वर्षी तिथे राज्य कोणाचे होते. कागद राज्यामागे जातात. वोविन १९२१ च्या रीगा तहाने पोलंडकडे आले, १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा शिरल्या, जून १९४१ मध्ये जर्मन आले, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत, आणि १९९१ पासून तो भाग स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. त्यामुळे महायुद्धापूर्वीच्या पोलिश स्थानिक कारभाराची दप्तरे आज युक्रेनमधील लुत्स्क आणि रिव्ने येथील सरकारी अभिलेखागारांत आहेत, तर त्याच काळातील पोलंडच्या केंद्रीय मंत्रालयांचे कागद वॉर्सातील ‘आर्खिवुम आक्त नोविख’ या आधुनिक दप्तरांच्या अभिलेखागारात आहेत. फेब्रुवारी १९४०च्या पहिल्या मोठ्या हद्दपारीत प्रामुख्याने ‘ओसाद्निक’ म्हणजे १९२०च्या दशकात जमिनी देऊन वसवलेले माजी सैनिक आणि वनखात्याचे नोकर यांची कुटुंबे होती. या सैनिकांच्या सेवेचे कागद वॉर्सातील मध्यवर्ती लष्करी अभिलेखागारात शोधावे लागतील. ही जमीन कोणाला आणि का मिळाली हे कळल्याशिवाय त्यांनाच आधी का उचलले हे कळणार नाही, आणि विद्यार्थिनीच्या आराखड्यातला मध्यवर्ती प्रश्न नेमका हाच होता. तो प्रश्न समितीने वाचला होता का, अशी शंका मला येते.

हद्दपारीनंतरचा माग वेगळ्या दिशेला जातो. ३० जुलै १९४१ ला निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या सिकोर्स्की–मायस्की करारानंतर या लोकांची सुटका झाली, आणि सुटलेल्यांतून उभ्या राहिलेल्या जनरल आंदेर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक माणसे, सैनिक आणि नागरिक मिळून, इराणमध्ये उतरली. या सैन्याने आणि लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारने सुटून आलेल्यांचे जबाब पद्धतशीरपणे लिहून घेतले. मूळ गाव, अटकेचा दिवस, नेलेले ठिकाण, तिथले काम, कोण मेले, कोण राहिले. हे हजारो जबाब आणि त्यांवरून तयार केलेले जिल्हावार अहवाल आज अमेरिकेत, स्टॅनफर्ड येथील हूव्हर इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत. १९४५ च्या जुलैत ब्रिटनने निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली तेव्हा कागद वॉर्साच्या नव्या राजवटीच्या हाती पडू नयेत म्हणून त्यातले बरेचसे समुद्रापार हलवले गेले. उरलेल्यातला मोठा भाग लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट अँड सिकोर्स्की म्युझियममध्ये आहे. आणि हूव्हरमधल्या या कागदांच्या सूक्ष्मपटांवरून (मायक्रोफिल्मवरून) केलेल्या प्रती वॉर्सातील राष्ट्रीय डिजिटल अभिलेखागाराने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्या पाहायला ना व्हिसा लागतो, ना शुल्क. ज्या खोलीत आपली बैठक झाली, त्याच खोलीतल्या संगणकावर त्या उघडता आल्या असत्या.

सोव्हिएत बाजूचे कागद मिळवणे अवघड आहे, हे मी नाकारत नाही. मॉस्कोत जिने सोव्हिएत दडपशाहीचे दस्तऐवज जमवले ती ‘मेमोरियल’ संस्था डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. तरी वॉर्साच्या ‘कार्ता’ केंद्राने १९८०च्या दशकातच, म्हणजे तिकडे हा विषय उघड बोलणेही धोक्याचे होते तेव्हा, पूर्वेकडे नेलेल्यांच्या आठवणी आणि कागद गोळा करायला सुरुवात केली होती, आणि त्या कामातून उभी राहिलेली दडपशाहीच्या बळींची नावनिशीवार सूची आज शोधता येते. एखादे आडनाव आणि जन्मवर्ष माहीत असेल तर त्या माणसाला कुठून कुठे नेले याचा धागा मिळू शकतो.

आणि शेवटचा टप्पा तर आपल्याच दारात आहे. वळिवड्याची छावणी १९४३ ते १९४८ या काळात होती, तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली, त्यांत बहुतांश बायका आणि मुले. तिच्याविषयीचा सरकारी पत्रव्यवहार शोधायचा तर नवी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार, मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतले राज्य पुराभिलेखागार आणि कोल्हापुरातले पुराभिलेखागार या तिन्ही ठिकाणी जावे लागते. ब्रिटिश बाजू लंडनमध्ये दोन जागी आहे : इंडिया ऑफिसची दप्तरे ब्रिटिश लायब्ररीत, आणि परराष्ट्र खात्याची क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात. युद्ध संपल्यावर निर्वासितांची जबाबदारी आधी ‘उन्रा’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. पहिलीचे कागद न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या अभिलेखागारात आहेत, दुसरीचे पॅरिसला फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात.

हे सगळे लिहिले ते पांडित्य दाखवण्यासाठी नाही. यातली कोणतीही गोष्ट गुप्त नाही. सूची छापलेल्या आहेत, बहुतेक संगणकावर आहेत. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे शोधस्थळ आहे. पोलंडच्या सर्व सरकारी अभिलेखागारांचा एकत्रित शोध ‘शुकाय व आर्खिवाख’ या स्थळावर घेता येतो. हूव्हरच्या संग्रहांच्या तपशीलवार सूची कॅलिफोर्नियातील अभिलेखागारांच्या सामायिक संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. अडचण एवढीच आहे की त्या वाचण्याची एक पद्धत असते आणि ती आपल्याकडे कोणी शिकवत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात काम केलेल्याला रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा हे सांगावे लागत नाही. तसेच युक्रेनी अभिलेखागारात फोंद, ओपिस आणि स्प्रावा अशा तीन पायऱ्यांनी कागदाचा पत्ता लिहिलेला असतो : आधी कोणाचे दप्तर, मग त्यातली यादी, मग फाईल. हा पत्ता दुसऱ्याच्या ग्रंथातल्या तळटिपेतून टिपून घ्यायचा, सूचीत ताडून पाहायचा, त्या दप्तरात शेजारी आणखी काय आहे ते बघायचे आणि मग अभिलेखपालाला नेमक्या फाईलीविषयी लिहायचे. ‘आपल्याकडे पोलिश निर्वासितांविषयी काय आहे?’ असे मोघम पत्र पाठवले तर मोघम उत्तर येते किंवा येतच नाही. शिवाय गावांची नावे राज्याबरोबर बदललेली असतात. ल्विव, ल्वुव आणि लेम्बेर्ग हे एकच शहर आहे, आणि एकाच नावाने शोधणाऱ्याला निम्मे कागद दिसत नाहीत. कधी तर संस्थाच दुभंगलेली असते. १८१७ साली ल्वुवमध्ये स्थापन झालेले ओसोलिनेउम हे प्रसिद्ध ग्रंथालय युद्धानंतर पोलंडमधील व्रोत्स्वाफला हलवले गेले, पण त्याच्या संग्रहाचा मोठा हिस्सा ल्विवमध्येच राहिला आणि तो आता तिथल्या स्टेफानिक ग्रंथालयात आहे. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी एका शहरात शोध घेऊन ‘नाही’ म्हणून परत येईल.

कागदांखेरीज त्या प्रदेशावर काम करणाऱ्या संस्थाही विद्यार्थिनीच्या यादीत होत्या, आणि ती यादी आराखड्याला जोडलेली होती. लंडनचे १९१५ साली सुरू झालेले स्लाव्ह आणि पूर्व युरोप अभ्यासाचे विद्यालय, जर्मनीत मारबुर्ग येथील हेर्डर इन्स्टिट्यूट, हार्वर्डची १९७३ पासूनची युक्रेनी संशोधन संस्था, कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाची युक्रेनी अभ्यास संस्था, ल्विवचे नागरी इतिहास केंद्र. भारतात दिल्ली विद्यापीठाचा स्लाव्ह व फिनो-उग्रियन भाषांचा विभाग आहे, जिथे पोलिश शिकवली जाते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय अभ्यास शाखा १९५५ साली स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली होती आणि तिथे रशिया, मध्य आशिया आणि युरोप यांच्यासाठी केंद्रे आहेत. मुंबई विद्यापीठात मध्य युरेशियाचे केंद्र आहे. आफ्रिकेवर काम करायचे असते तर तिथेच १९७१ पासून आफ्रिका अभ्यास केंद्रही आहे. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात जायला कोल्हापूरहून एक रात्र लागते.

आता बाकीच्या तक्रारी. त्या तितक्या लांबवण्याचे कारण नाही.

समितीतील एका सदस्यांनी तोंडी असे सांगितले की मुलीला पोलिश येत नाही, मग कागद वाचणार कोण. प्रश्न रास्त आहे, पण तो आराखडा फेटाळण्याचे कारण होऊ शकत नाही. आमच्याकडे मराठी शाळेत शिकलेली मुले पदव्युत्तर वर्गात येऊन मोडी शिकतात, आणि सुट्टे अक्षरसुद्धा लागत नसलेला विद्यार्थी नेटाने बसला तर शिकस्ता म्हणजे घाईच्या, मोडक्या वळणाची पत्रे उलगडू लागतो. पोलिश तर रोमन लिपीत आहे, आणि जबाबांचा बराच भाग टंकलिखित आहे. पोलंड सरकारच्या ‘नावा’ या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचे भाषेचे वर्ग आणि शिष्यवृत्त्या आहेत. संशोधनासाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा काळ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनीच दिला आहे. त्यातले पहिले वर्ष कोर्सवर्कबरोबर भाषेला द्यावे, एवढी अट घालून आपण आराखडा मान्य करू शकला असता. विषयाचा जाणकार मार्गदर्शक येथे नाही, हीही सबब त्याच नियमांत टिकत नाही, कारण दुसऱ्या संस्थेतला सह-मार्गदर्शक घेण्याची मुभा त्यात आहे.

ओळखपत्राचा प्रश्न याहून त्रासदायक आहे. परदेशातल्या अभिलेखपालाला विद्यार्थी स्वतःच्या खासगी ई-मेलवरून लिहितो, कारण संस्थेचा पत्ता त्याला मिळत नाही, आणि अशा पत्राला उत्तर आले तर नशीब. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नोंदणी करायची किंवा कुठल्या शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा तर संस्थेचे शिफारसपत्र लागते, आणि त्या एका पानावर सही मिळवण्यासाठी मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य आणि कार्यालय असा फेरा करताना अर्जाची मुदत निघून गेलेली मी पाहिली आहे. भारतीय इतिहास संशोधन परिषदेकडून परदेशातील साधने पाहण्यासाठी प्रवास अनुदान मिळते, ब्रिटनमध्ये अल्पकाळ काम करायला चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत असते. या योजना आमच्या भागात पोहोचत नाहीत याचे कारण विद्यार्थ्यांची लायकी कमी पडते हे आहे, असे मला वाटत नाही. जाहिरात सूचनाफलकावर लागते तेव्हा मुदत संपायला आलेली असते.

ग्रंथालयाविषयी मला जपून लिहायचे आहे, कारण ग्रंथपालांवर कामाचा किती बोजा असतो ते मी पाहिले आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून आता सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली आहेत, ही मोठी सोय आहे. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध आहेत. पण नियतकालिक म्हणजे अभिलेखागार नव्हे. छापलेल्या लेखातून मूळ कागदापर्यंत कसे जायचे हे सांगणारा माणूस लागतो. इतर ठिकाणी याला संदर्भ ग्रंथपाल म्हणतात, आणि एका प्रदेशाची साधने माहीत असणे हेच त्याचे काम असते. आमच्याकडे ग्रंथपालाचा निम्मा वेळ मूल्यांकनाच्या तक्त्यांत आकडे भरण्यात जातो.

शेवटच्या गोष्टीने मला सर्वांत अस्वस्थ केले आहे. ‘स्थानिक पातळीपुरता मर्यादित करावा’ असे आपण लिहिलेत. याचा अर्थ विद्यार्थिनीने वळिवड्यात फिरून जुन्या माणसांच्या आठवणी टिपाव्यात, छावणीतली शाळा, चर्च आणि दवाखाना यांचे वर्णन करावे, पुढे तिथेच सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले हे सांगावे आणि प्रबंध पुरा करावा. हे काम यापूर्वी निरनिराळ्या रूपांत झालेले आहे. त्यात पाहुणे दिसतात, पण ते कोण होते हे दिसत नाही. छावणीत येण्याआधीची त्यांची सगळी वर्षे ‘युद्धामुळे हालअपेष्टा सोसून’ या एका वाक्यात संपतात. कोल्हापूर आणि पोलंड यांच्या नात्याचा आपल्याला अभिमान आहे. महावीर उद्यानात स्मारक आहे, तिकडे वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा आपल्या शहरात पेढे वाटावेत इतका आनंद झाला. पोलंडहून पाहुणे आले की भाषणे होतात, फेटे बांधले जातात. आणि या शहरात इतिहास शिकवणाऱ्यांमध्ये पोलिश भाषेतले एक पान स्वतः वाचून दाखवू शकेल असे कोणी माझ्या तरी माहितीत नाही. एक मुलगी ते शिकायला तयार झाली, तर तिला आपण वळिवड्याच्या वेशीवर थांबवले.

मराठी इतिहास-संशोधनाची परंपरा अशी नव्हती. शिवकाळ समजून घ्यायचा तर परक्यांची दप्तरे वाचली पाहिजेत हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी ओळखले होते. १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांतले शिवकालीन उतारे प्रसिद्ध केले. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्यातील पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास बाहेर काढला. वा. सी. बेंद्रे इंग्लंडमधली दप्तरे पाहायला गेले. त्या वेळी टपाल बोटीने जात होते आणि नकला हाताने कराव्या लागत. परदेशी कागद आपल्या इतिहासासाठी वाचणे त्यांना परके वाटले नाही, तर परदेशाचा इतिहास त्याच्याच कागदांतून वाचायला निघालेल्या विद्यार्थिनीला आपण कोणत्या तत्त्वावर अडवतो?

समितीची बाजूही मला दिसते. २०२२ पासून युक्रेनमध्ये युद्ध चालू आहे आणि लुत्स्क किंवा रिव्नेच्या वाचनकक्षात बसण्याची हमी आज कोणी देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या सेवा बराच काळ विस्कळीत राहिल्या. अर्धवट राहिलेला प्रबंध विद्यार्थ्याचे आयुष्य अडकवून ठेवतो. माझ्या मते मूळ आराखडाही एका प्रबंधासाठी फार विस्तृत होता, आणि मी समितीत असते तर तो कापलाच असता : एक प्रांत सोडून एकच जिल्हा घे, चार हद्दपाऱ्यांपैकी फेब्रुवारी १९४०ची एकच घे, हूव्हरचे जबाब हा कणा धर, वॉर्सा आणि लंडनची साधने जोडीला घे, आणि युक्रेनमधली दप्तरे पुढच्या कामासाठी ठेव. असा सल्ला द्यायला सूची उघडून पाहावी लागते. शेरा लिहायला ती लागत नाही.

आपल्याकडे माझ्या मागण्या आहेत त्या पुढीलप्रमाणे.

या विद्यार्थिनीचा आराखडा पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यावा आणि तिला आपली साधनसूची मांडण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. तरीही नाकारायचा असेल तर कोणते साधन कुठे शोधले आणि मिळाले नाही, हे लेखी कळवावे.

यापुढे कोणताही विषय ‘साधनांअभावी’ परत पाठवताना समितीने किंवा समितीने नेमलेल्या जाणकाराने सूची तपासल्याची नोंद शेऱ्यासोबत असावी. बाहेरचा जाणकार हवा असेल तर दिल्ली आणि मुंबईच्या केंद्रांना पत्र लिहावे. ही केंद्रे चालवणारे लोक अशा पत्रांना उत्तर देतात असा माझा अनुभव आहे.

कोर्सवर्कमध्ये अभिलेखागारांचा शोध आणि वापर यावर स्वतंत्र भाग असावा, आणि तो पुस्तकावरून न शिकवता कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मुलांना बसवून शिकवावा. ज्याने आपल्या संस्थानाचे दप्तर हाताळले त्याला दुसऱ्याचे दप्तर परके राहत नाही.

प्रत्येक नोंदणीकृत संशोधकाला संस्थेचा ई-मेल पत्ता मिळावा, आणि शिफारसपत्रासाठी एक ठरलेला नमुना आणि सहीची ठरलेली मुदत असावी. यासाठी अंदाजपत्रकाची गरज नाही.

ग्रंथालयात परदेशी प्रदेशांच्या साधनांसाठी एका व्यक्तीवर जबाबदारी द्यावी, पूर्ण वेळ नसली तरी चालेल, पण तिचे नाव आणि बसण्याची वेळ विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. शिष्यवृत्त्या आणि प्रवास अनुदानांच्या मुदती तिने विभागांना वेळेवर कळवाव्यात. कोणत्या प्रदेशापासून सुरुवात करायची हा प्रश्न पडलाच तर पोलंड आणि पश्चिम युक्रेनपासून करावी, कारण त्या भागाशी या जिल्ह्याचा संबंध आधीच आहे.

या पत्रात उल्लेखलेल्या संस्था, त्यांच्या सूची आणि पत्रव्यवहाराची रीत यांचे टिपण मी तयार केले आहे. आपण बोलावले तर मी ते घेऊन समितीसमोर येईन आणि प्रश्नांना उत्तरे देईन. त्यासाठी मला मानधन नको. विद्यार्थिनीच्या नोंदणीची मुदत या सत्राअखेर संपते आहे, त्यामुळे समितीचा निर्णय त्यापूर्वी लेखी कळवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका
कोल्हापूर